कढईतलं निळं दार

साबिनू मेंदिश द सोतोमायोर हा माणूस स्वतःचं नाव कधी अर्धं सांगत नसे. कुणाच्या दारात कुत्रं भुंकलं आणि आतून "कोण आहे?" असं आलं, तर तो पूर्ण नाव सांगायचा, आणि ते संपेपर्यंत कुत्रं कंटाळून गप्प बसायचं. कढईत, म्हणजे आमच्या डोंगराच्या पोटातल्या वस्तीत, राहणारे आम्ही सगळे मिळून एका मोठ्या लग्नात मावू एवढे. प्रत्येकाला प्रत्येकाच्या शेळीचाही आवाज ओळखू येतो. तरी हा माणूस पूर्ण नाव सांगायचा.

साठी उलटल्यावर मास्तरीणबाईंच्या वर्गात मी अक्षरं शिकले. आपलं आपण वाचलेलं माझं पहिलं वाक्य त्याच्याच दारावर कोरलेलं होतं: 'इथे जे पहिले आले त्यांचं घर.' ते वाचून मला वाटलं, यासाठी शिकले होय मी.

साबिनूच्या सांगण्याप्रमाणे आमच्या फोगू बेटाचा इतिहास असा, की देवाने समुद्रातून एक डोंगर वर काढला, आणि मग त्या डोंगरावर साबिनूचे खापरपणजोबा दोम गाश्पार यांना आणून ठेवलं. मधल्या काळात काही घडलं नाही.

घडलं ते असं. पोर्तुगिजांची जहाजं आली ती रिकाम्या बेटावर. त्यांनी पलीकडच्या गिनीच्या किनाऱ्यावरून माणसं बांधून आणली, कापूस पेरायला लावला, आणि अरुंद मागांवर पट्टे विणून घेतले. ते पट्टे परत त्याच किनाऱ्यावर जायचे आणि त्यांच्या बदल्यात आणखी माणसं यायची. म्हणजे आमच्या पणज्यांनी विणलेल्या कापडावर आमचीच भावंडं विकत घेतली गेली. एका संताच्या नावावरून बेटाचं नाव ठेवलं होतं. पण डोंगर इतका पेटत राहिला, की संताचं नाव मागे पडलं आणि फोगू, म्हणजे आग, एवढंच उरलं. पुढे एकदा राखेने शेतं गाडली, तेव्हा ज्यांच्याकडे होड्या होत्या ते मालक देवाच्या मूर्ती उचलून समोरच्या छोट्या ब्रावा बेटावर पळाले. होड्या नव्हत्या ते राहिले. राख निवली, मका उगवला, तेव्हा मालक परत आले आणि म्हणाले, आमचं शेत बरं सांभाळलंत.

आणि ही कढई, म्हणजे डोंगराच्या आतली सपाटी, तिच्यात पहिले कोण आले असतील तर मागावरून पळालेले विणकर. तीन बाजूंनी ताशीव कडा, वर घोडा चढत नाही, मालक तर मुळीच चढत नाही. दोम गाश्पार बऱ्याच नंतर आला. मिठाचं जहाज भर दुपारी, शांत समुद्रात, सगळ्यांना दिसणाऱ्या खडकावर घालून तो बेटाला लागला. खाली शहरात त्याला कुणी जेवायला बोलावेना, म्हणून वर आला. इथल्या एका विणकराच्या पोरीने त्याला मक्याची भरड रांधून घातली, आणि त्या उपकारातून पुढे हे सोतोमायोर घराणं निघालं.

साबिनूच्या बैठकीत दोम गाश्पारचं मोठं चित्र होतं. गळ्याशी कडक कॉलर, छातीवर पदक, नाकावर चष्मा. साबिनूचा आजा अमेरिकेत क्रॅनबेरीच्या मळ्यात कामाला गेला तेव्हा घरात ते चित्र नव्हतं, परत आला तेव्हा होतं. माझी आई म्हणायची, चष्मा असता तर खडक दिसला नसता का त्याला.

तर असा हा साबिनू. त्याचा धाकटा भाऊ जेजे मात्र सरळ माणूस होता, सुतार. त्याने इझालिनाशी लग्न केलं. ती खालच्या किनाऱ्यावरची, विणकरांच्या वस्तीतली. साबिनूने लग्नात वाइनचा कपही उचलला नाही. जेजेने स्वतःच्या हाताने घर बांधलं, भावाच्या घरापासून हाक मारल्यावर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. जहाजाच्या जुन्या फळ्यांचं जाड दार केलं आणि ते निळं रंगवलं. मग तो छातीच्या दुखण्याने गेला. इझालिना मागे राहिली, राखेत खड्डे करून लावलेल्या द्राक्षवेली, थोडी तूर, पावसाच्या पाण्याचं एक टाकं आणि ते दार घेऊन.

कढईत जमिनीला कागद नाही. खाली नगरपालिकेत एक नकाशा आहे म्हणतात, त्यात आमची वस्ती हिरव्या रंगात दाखवली आहे. इथे हिरवं काय आहे ते शोधायला एकदा त्या नकाशेवाल्यालाच पाठवायला हवं. आमच्याकडे रीत एकच. जिथे तुमचं दार उभं, ती जागा तुमची. कुणी कायमचा अमेरिकेला निघाला की दार काढून विकतो आणि मग तिथे कुणीही तूर पेरावी. साबिनूने ही रीत फार मनापासून पाळली. शेजारच्या बिबियानूचा भाऊ अमेरिकेला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साबिनू त्या जागेत फावडं घेऊन उभा. बिबियानू म्हणाला, "अरे, चुलीतली राख तरी निवू दे." साबिनू म्हणाला, "दार नाही तर जागा नाही. रीत मी केलेली नाही, माझ्या पूर्वजांनी केली." आणि पूर्वजांची म्हटल्यावर बिबियानू गप्प बसला. गप्प बसण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

इझालिनाच्या जागेवरही साबिनूची नजर होती. पण दार होतं. रोज सकाळी ती उंबरठ्यावर उभी राहून कड्यातल्या खाचेकडे बघायची. तिथून बघितलं की ती खाच आणि लहान शिखराचं टोक बरोब्बर एका रेषेत यायचं. जेजेने मुद्दाम तसं दार बसवलं होतं.

डोंगर फुटला तो रविवारी, लोक प्रार्थनेला निघायच्या तयारीत असताना. आदल्या संध्याकाळपासून भांडी वाजत होती. लहान शिखराच्या पायथ्याशी चीर पडली आणि लाव्हा बाहेर यायला लागला. परक्यांना वाटतं लाव्हा नदीसारखा धावतो. आमच्याकडचा लाव्हा म्हणजे पेटलेल्या कोळशाचा ढीग, घराएवढा उंच, पुढून ढासळत ढासळत सरकणारा. बशा फुटल्यासारखा त्याचा आवाज. म्हातारी बाईही त्याच्यापुढे चालत जाऊ शकते. मी गेले आहे. त्याला घाई नसते, हाच त्याचा उद्धटपणा.

सगळी वस्ती साबिनूच्या अंगणात जमली. कारण त्याच्या घरापुढची भिंत. दोम गाश्पारने रचलेली म्हणून ती प्रसिद्ध. मी पोर होते तेव्हाचा लाव्हा त्या भिंतीच्या थोडा अलीकडे थांबला होता. त्यानंतरचाही तिथेच थांबला. त्यामुळे साबिनूने ठरवून टाकलं होतं, की डोंगर सोतोमायोरांचं रक्त ओळखतो.

"कुणी काही हलवायचं नाही," साबिनू पायरीवर उभा राहून म्हणाला. "आपल्या भिंतीच्या आत आणून ठेवा. इथे काही येणार नाही."

आणि लोकांनी आणलं. बिबियानूने नव्या वाइनची पिंपं गडगडत आणली, बायकोचं शिवणयंत्र आणलं, लग्नातला पलंग आणला. इतरांनी मक्याची पोती, कोंबड्या, येशूच्या तसबिरी. मोठी मोठी माणसं, मुलाबाळांची माणसं, ओळीने त्या घराच्या तळघरात सामान रचत होती आणि साबिनू दारात उभा राहून 'इकडे, तिकडे' करत होता. बुडत्या जहाजाचा कप्तान व्हायची हौस त्या घराण्यात जुनीच.

इझालिना मात्र सामान घेऊन आली नाही. ती हातात जेजेचा पेचकस घेऊन आली.

"भावोजी," ती म्हणाली, "मी दार काढते आहे. खाली घेऊन जाते."

साबिनूला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो लपवायचीही तसदी त्याने घेतली नाही.

"काढ," तो म्हणाला. "पण सगळ्यांसमोर सांगतो. भिंत उभी आहे, लाव्हा थांबणार आहे. तू दार काढलंस तर तू जागा सोडलीस असं मी धरेन. परत येशील तेव्हा तिथे माझी तूर असेल."

"आणि नाही काढलं, आणि लाव्हा आला तर?"

"येत नाही."

"पण आला तर?"

"तर दारही गेलं आणि जागाही गेली. मग पुन्हा ज्याची मुळात होती त्याची. म्हणजे पहिल्यांची."

माझ्या शेजारी उभी असलेली बिबियानूची बायको मान हलवत होती, जणू काही मोठा न्याय झाला. मला राहवलं नाही.

"म्हणजे साबिनू," मी म्हटलं, "लाव्हा थांबला तरी जागा तुझी, आणि आला तरी तुझीच. डोंगराशी बोलणं झालंय का तुझं?"

"न्या क्लावदिना, तुम्ही वयाने मोठ्या आहात," तो म्हणाला. न्या ही आमच्याकडे मोठ्या बाईला आदराने मारायची हाक. ज्याला उत्तर सुचत नाही तो माझं वय काढतो.

इझालिना हलली नाही. "भावोजी, मोठ्या पावसात पाणी कुठे साचलं होतं?"

"काय?"

"गेल्या मोठ्या पावसात. तुमच्या भिंतीपुढे थेंब नव्हता. तुमच्या शेळ्या मात्र पोटापर्यंत पाण्यात उभ्या होत्या, घराच्या मागे. पुढची बाजू दोन वेळच्या लाव्ह्याने भरून उंच झालीय. आता खोलगट जागा मागे आहे."

लोक हसले. बिबियानू सगळ्यांत मोठ्याने हसला. "पाणी वेगळं आणि लाव्हा वेगळा, पोरी. पाण्याला काय कळतंय कोण कुणाच्या घराण्यातलं."

मला तरी त्यातलं काय कळत होतं? मला फक्त साबिनूचं ऐकायचं नव्हतं. मी इझालिनाबरोबर गेले.

आम्ही दोघींनी बिजागऱ्या सोडवल्या. गंजलेल्या होत्या, पेचकस घसरत होता, मागे बशा फुटल्याचा आवाज चालूच. एक पेच निघेना तेव्हा इझालिनाने दाराला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "इतकं घट्ट कशाला बसवलं होतंस रे, जेजे." मग मी दगडाने बिजागरीच ठोकून काढली. दार गाढवावर आडवं टाकलं, गाढवाचे फक्त कान आणि पाय दिसत होते. वाटेवरून जाताना लोक अंगणातून हाका मारत होते. "इझालिना, खिडकी विसरलीस!" "उंबरठा पण ने, वाटेत पाय पुसायला होईल!" ज्यांची सगळी चीजवस्तू त्या तळघरात होती तेच ओरडत होते.

कढईच्या तोंडाशी सैनिक होते. राजधानीतून आलेले, बूट अजून चकचकीत. त्यातल्या एकाने हात आडवा केला.

"फक्त गरजेच्या वस्तू, मावशी. अंथरूण, कपडे, अन्न. दार नाही."

"बरं," इझालिना म्हणाली, आणि वाटेच्या मधोमध बसली.

"असं काय करता? मागून ट्रक येतोय."

"येऊ दे. थांबेल तोही. इथे सगळं थांबतं म्हणतात, लाव्हासुद्धा."

सैनिकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या घराला दार आहे ना? मग तुला नाही कळायचं." ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला तसं त्याने आम्हांला सोडलं.

पुढचं मी कड्याजवळच्या उंचवट्यावरून पाहिलं, बाकीच्यांबरोबर. लाव्हा भिंतीकडे आला आणि खरंच थांबला. थांबला म्हणजे त्याचा ढीग वाढत राहिला, पुढे सरकेना. साबिनू भिंतीजवळ टीव्हीवाल्या पोरीला घेऊन उभा होता. ती त्याच्या तोंडापुढे माईक धरून होती. तो दोन्ही हात पसरून सांगत होता आणि आम्हांला एवढ्या लांबूनही कळत होतं की आता पूर्ण नाव चाललंय, आता दोम गाश्पार, आता भिंत.

त्याच वेळी लाव्ह्याची एक बाजू फुटली, वस्तीला वळसा घालून खोलगट जागा धरत आली, आणि साबिनूच्या घरामागे शेळ्यांच्या गोठ्यात उतरली. शेळ्या आधीच सुटून पळाल्या होत्या. त्यांना घराण्याचं काही माहीत नव्हतं.

धूर पहिल्यांदा टीव्हीवाल्या पोरीला दिसला. ती पळाली. साबिनू मागे वळला. त्याच्या हातात अजून वेळ होता. लाव्ह्याला घाई नसते म्हणून मी सांगितलं. तळघर उघडून बिबियानूचं शिवणयंत्र काढता आलं असतं, दोन पिंपं तरी गडगडवता आली असती. दार काढता आलं असतं. लोक उंचवट्यावरून ओरडतही होते, "दार काढ, दार!" साबिनू घरात गेला आणि ते चष्मेवाल्याचं चित्र घेऊन बाहेर आला. आत आलेल्या लाव्ह्याने पिंपं फोडली तेव्हा उकळत्या वाइनचा वास उंचवट्यापर्यंत आला. मग छत बसलं. मग दार पेटलं, कोरलेल्या अक्षरांसकट. इझालिनाचं घर संध्याकाळी गेलं. बिबियानूचं त्याच्या नंतर. भिंत सगळ्यांत शेवटी गेली, तिला तेवढा मान मिळाला म्हणायचं.

सरकारने मागच्या वेळी खालच्या उतारावर बांधून ठेवलेल्या खोल्यांत आम्हांला घातलं. आधीच्या लोकांनी त्यांत गवत भरलं होतं. एक मंत्री येऊन गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, आता तुम्ही त्या धोक्याच्या जागी परत जायचं नाही. मी म्हटलं, बरं. तेही खूश झाले. साबिनू मात्र तिथेही सभा भरवायचा. लाव्हा भिंतीपुढे आदराने थांबला होता, मागून येणं हा दगा होता, असं तो सांगायचा. ज्यांचं सगळं त्याच्या तळघरात जळलं ते लोक समोर बसून ऐकायचे. माणसाला फसवणारा माणूस फारसा हुशार असावा लागत नाही हे मी त्या खोल्यांत शिकले. बिबियानू तेवढा दूर बसायचा. बायको त्याच्याशी बोलत नव्हती. तिचं ते शिवणयंत्र आईकडून आलेलं होतं.

इझालिनाने दार खोलीत भिंतीशी उभं केलं होतं. रोज ती त्यावर ओला फडका फिरवायची.

लाव्हा वरून निवला तसे आम्ही परत गेलो. मंत्र्यांना वाटलं होतं ते त्यांच्यापाशी राहू दे. आम्हांला दुसरीकडे झोप लागत नाही. काही ठिकाणी खडक अजून इतका गरम होता, की चपलेचा तळ मऊ व्हायचा. वस्ती नव्हतीच. काळ्या धारदार दगडांचा समुद्र, आणि त्याच्या खाली कुठेतरी सगळ्यांची घरं.

इझालिना आणि मी पहाटेच निघालो होतो, बाकीच्यांच्या पुढे. गाढव दगडांवर चढेना म्हणून दार आम्ही दोघींनी उचललं. ती मधेच थांबायची, कड्यातल्या खाचेकडे बघायची, लहान शिखराकडे बघायची आणि म्हणायची, "अजून डावीकडे, न्या क्लावदिना." माझे खांदे गेले होते.

"तुझ्या नवऱ्याने फळ्या जरा पातळ घेतल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

"मग पहिल्याच वाऱ्यात गेलं असतं. अजून थोडं डावीकडे."

एका ठिकाणी ती थांबली. खाच आणि टोक एका रेषेत आले होते. तिथे आम्ही दार उभं केलं आणि दोन्ही बाजूंनी दगड रचून ते घट्ट बसवलं, चौकटीच्या जागी दगडच. मागे घर नाही, छप्पर नाही, काही नाही. काळ्या दगडांत एक निळं दार, बंद. इझालिना त्याच्या पलीकडे दगडावर बसली आणि परडीतली तूर सोलायला लागली.

उन्हं वर आली तसे बाकीचे आले. सगळ्यांत पुढे साबिनू, काखेत चित्र.

"ही सगळी जमीन," त्याने हात फिरवला, "आता पुन्हा पहिल्यासारखी झाली आहे. दोम गाश्पार आले तेव्हा होती तशी. तेव्हा वाटणी पहिल्यांच्याच हातून—"

तो बोलता बोलता थांबला, कारण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते. बिबियानू सावकाश पुढे आला. त्याने दाराच्या फळीवर हात ठेवला, ढकलून बघितलं. दार हललं नाही.

"साबिनू," बिबियानू म्हणाला, "तुझं दार कुठे आहे?"

"म्हणजे काय? माझं घर इथेच होतं."

"घर नाही विचारलं. दार विचारलं. माझ्या भावाच्या वेळी तू काय म्हणाला होतास?"

साबिनूने पायाखाली बघितलं. जणू तिथे दिसणार होतं. बिबियानूची बायको, एवढे दिवस नवऱ्याशी न बोललेली, खुदकन हसली. मग बाकीचेही हसले, चांगले पोट धरून. हेच लोक त्या दिवशी इझालिनाला उंबरठा न्यायला सांगत होते. मला त्यांचं हसणंही आवडलं नाही, पण ते योग्य माणसावर पडत होतं एवढंच.

साबिनूला आता कुठेतरी राहायचं होतं. चित्र घेऊन माणूस किती वेळ उन्हात उभा राहणार? आणि आम्हा सगळ्यांत ज्याची जागा ठरली होती असं माणूस एकच होतं, इझालिना. तिच्या शेजारी भिंत घालायची तरी तिला विचारायला हवं. तो दाराला वळसा घालून पलीकडे जायला निघाला. तिथे आडकाठी कसलीच नव्हती, मोकळं आभाळ होतं.

"भावोजी," इझालिना तुरीवरून नजर न उचलता म्हणाली, "दार आहे ना तिकडे."

तो थांबला. ती त्याला दिसत होती, तिच्या परडीतल्या शेंगाही दिसत होत्या. लोक बघत होते. शेवटी तो मागे फिरला, दारासमोर येऊन उभा राहिला, चित्र दगडाला टेकवून ठेवलं आणि बोटांनी निळ्या फळीवर वाजवलं.

इझालिनाने हातातली शेंग संपवली. दाणे परडीत टाकले. सालं मांडीवरून झटकली.

"कोण आहे?" तिने विचारलं.

त्याने दगडाला टेकवलेल्या चित्राकडे बघितलं.

"साबिनू," तो म्हणाला. नुसतं साबिनू.